पित्ताची गोळी आणि विसरभोळेपणा : अण्णांची गोळी बंद करू का?

नदीकाठची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही घाबरून.

माझे वडील, अण्णा, वय ७४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३९ वर्षं दिवाणजी होते. हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ठेवायचे त्या काळात कुठल्या पेवात कोणाची किती पोती आहेत हे वही न उघडता सांगायचे. तोच माणूस गेल्या वर्ष-दीड वर्षात गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा विचारतो. मारुती चौकातून भाजी आणायला गेला की कोथिंबीर दोनदा आणतो. बोलणं कमी झालंय. टीव्हीसमोर बसले की बसलेच. अक्षर मोत्यासारखं होतं, आता दुधाच्या वहीत इतकं बारीक लिहितात की मला चष्मा लावूनही लागत नाही. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

परवा पुण्याहून भावाने व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. 'रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनो, तुमचा मेंदू पोखरला जातोय.' खाली लाल अक्षरात ३३ टक्के. अण्णा ही गोळी २०१२ पासून घेतात. तेव्हा गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, पोटाला त्रास नको म्हणून ही जोडीला दिली. २०१७ ला दोन्ही गुडघे बदलले, दुखण्याच्या गोळ्या सुटल्या. ही राहिली. का राहिली ते घरात कोणालाच सांगता येत नाही. सदऱ्याच्या खिशात मोबाइल नसला तरी चालतं, पट्टी लागते.

मेसेज वाचून मी पट्टी लपवली. चौथ्या रात्री दोन वाजता अण्णा अंगणात छाती चोळत फेऱ्या मारत होते. घशाशी आंबट येत होतं. आम्ही घाबरून ईसीजी काढून आणला, हृदयाचं काही निघालं नाही. सकाळी मुकाट्याने पट्टी परत खिशात ठेवली. आता मला कळत नाहीये, गोळी देऊन मी त्यांची आठवण घालवतेय की न देऊन त्यांचे हाल करतेय?

बाकी माहिती : मधुमेह, मेटफॉर्मिन १५ वर्षं. बीपी नाही. माळकरी आहेत, अंडंसुद्धा नाही.

बापू_तासगावकर | सोमवार, रात्री ११:०५

ताई, हे सगळं कंपन्यांचं राजकारण हाय. आमच्या आजोबांनी ९१ वर्षांत एक गोळी खाल्ली नाही. ओवा, सैंधव, कोमट पाणी. लईच जळजळलं तर खायचा सोडा. मेंदू शेवटपर्यंत खणखणीत, बांधाचा वाद मरायच्या आदल्या दिवशीपण काढला होता.

पट्टीवाला | सोमवार, रात्री ११:२०

बापू, सोडा कधीतरी चिमूटभर ठीक. रोज खाल्ला तर पोटात सोडियमच चाललंय. बीपीवाल्याला आणि किडनीवाल्याला ते परवडत नाही.

ताई, मी डॉक्टर नव्हे. मिरजेत मेडिकल चालवतो, २६ वर्षं झाली. मला एकच सांगा, पट्टीवर काय लिहिलंय? मोठं नाव नको. त्याच्याखाली जे मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते. घाई नाही, उद्या उजेडात बघा.

चिंतामणी_वजाबाकी | सोमवार, रात्री ११:४८

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तो ३३ टक्के आकडा कुठून आला ते सांगतो, कारण आकडा खोटा नाही, तो लाल रंग खोटा आहे.

अमेरिकेतला अभ्यास आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. ५,७१२ लोक, सरासरी वय ७५ च्या आसपास, सुरुवातीला कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. साधारण साडेपाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांनी गोळी कधीच घेतली नव्हती, अशी हजार माणसं वर्षभर पाहिली तर १९ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांनी सगळी मिळून ४.४ वर्षांपेक्षा जास्त घेतली होती, त्यांच्यात २४ जणांना. वय, रक्तदाब, मधुमेह वगैरेंचा हिशेब जुळवल्यावर हा फरक ३३ टक्के भरतो. म्हणजे शंभरातल्या ३३ जणांचा मेंदू गेला असं नाही, हजारात पाच जास्त. आणि ४.४ वर्षांपेक्षा कमी काळ घेणाऱ्यांत फरक दिसलाच नाही. मेसेजात हे शेवटचं वाक्य कधीच नसतं.

आता ते पाच तरी गोळीमुळेच का? २०१९ च्या पुरानंतर कोणी सांगलीवाडीत पाहणी केली असती तर दिसलं असतं की ज्यांच्या दारात होडी होती त्यांच्या घरात पाणी जास्त शिरलं. होडीने पाणी आणलं नाही. नदीकाठी राहतात म्हणून होडी ठेवतात, आणि नदीकाठी राहतात म्हणूनच पाणी शिरतं. पित्ताची गोळी वर्षानुवर्षं कोण घेतं? ज्याला आधीच चार दुखणी आहेत, ज्याचं वजन जास्त आहे, जो दर महिन्याला दवाखान्यात जातो आणि तिथून पाच गोळ्या घेऊन येतो. यातली बरीचशी कारणं मेंदूलाही बाधतात.

मीठमिरची | मंगळवार, सकाळी ७:३०

होडीचं उदाहरण चोरून ठेवलं आहे.

अवांतर : ज्या जिल्ह्यात सकाळी न्याहारीला, दुपारी टाइमपासला आणि रात्री पाहुणे आले म्हणून भडंग खातात, त्या जिल्ह्याला पित्त होणार नाही तर काय होणार?

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, दुपारी २:१५

साताऱ्यात फिजिशियन आहे. ओपीडी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

सरांची होडी मला आवडली, पण तेवढ्यावर सुटका होत नाही. संशय काही हवेतून आलेला नाही. जर्मनीत २०१६ मध्ये विम्याच्या नोंदी तपासल्या. ७५ च्या पुढचे ७३,६७९ लोक. नियमित गोळी घेणाऱ्यांत धोका ४४ टक्के जास्त निघाला. डेन्मार्कमध्ये २०२३ मध्ये जवळपास २० लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या, तिथेही संबंध दिसला, आणि कमी वयात निदान झालेल्यांत तो जास्त ठळक होता. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर यातल्या काही औषधांनी अल्झायमरमधलं ते चिकट प्रथिन वाढल्याचंही दिसलंय. तेव्हा 'काही नाही हो, खा बिनधास्त' असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या पारड्यात सिॲटलचा २०१८ चा अभ्यास. ६५ च्या पुढचे ३,४८४ लोक, दर दोन वर्षांनी समोर बसवून स्मरणशक्ती तपासलेले. विम्याच्या कागदावरून नव्हे, माणसाला विचारून. तिथे सगळ्यात जास्त गोळ्या घेतलेल्यांतही धोका वाढलेला नव्हता. २०२३ मध्येच ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १८,९३४ वृद्धांवरच्या अभ्यासातही नाही. आणि माझ्या लेखी सगळ्यात वजनदार, २०१९ मध्ये छापून आलेला : १७,५९८ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून निम्म्यांना पँटोप्रॅझोल ४०, म्हणजे हीच पित्ताची गोळी, निम्म्यांना बिनऔषधाची तशीच गोळी दिली. इथे होडीवाले आणि बिनहोडीवाले असा भेदच उरत नाही. तीन वर्षांत स्मृतिभ्रंशात दखल घ्यावी असा फरक नाही. फक्त पोटाचे संसर्ग, जुलाब, एक टक्क्याच्या जागी १.४ टक्के. अर्थात स्मृतिभ्रंश शिजायला दहा-वीस वर्षं घेतो. तीन वर्षांत तो दिसला नाही म्हणून शपथ घेता येत नाही.

आता ताई, तुमच्या चौथ्या रात्रीबद्दल. ती गोळी जठरातले ॲसिड सोडणारे पंप बंद करते. शरीर बंद दुकानावर थापा मारत राहतं, म्हणजे गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं. गोळी एकदम थांबवली की सगळे पंप एकदम सुटतात. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये याचा मजेदार प्रयोग झाला. १२० धडधाकट लोक, ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता. काहींना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल, म्हणजे याच जातीची गोळी, दिलं आणि मग गुपचूप थांबवलं. थांबवल्यानंतरच्या महिन्यात त्यांतल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. ज्यांना कधीच गोळी दिली नव्हती त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे गोळी सोडल्यावर होणारी जळजळ बघून 'बघा, मला गोळी लागतेच' असं ठरवू नये, आणि एकदम सोडूही नये.

मला अण्णांच्या बाबतीत वेगळंच खटकतंय. माळकरी, मेटफॉर्मिन १५ वर्षं, ही गोळी बारा-तेरा वर्षं. बी-१२ कधी तपासलंय का? अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला ॲसिड लागतं. मेटफॉर्मिन त्याचं शोषण कमी करतं. आणि मुळात ताटात दूध-ताक सोडलं तर ते येतं कुठून? तिन्ही दारं बंद. बी-१२ कमी झालं की विसरणं, चिडचिड, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, सगळं होतं. आणि वेळेत सापडलं तर बरंचसं भरून येतं. थायरॉइडही सोबत करा.

लाल_परी | मंगळवार, दुपारी ३:४०

घाबरवायचं म्हणून नाही, पण लिहिलं पाहिजे. माझ्या मामांना २०२१ ला स्टेंट घातला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, आणि सोबत ही पित्ताची. मामांनी असाच एक व्हिडिओ बघितला आणि पित्ताची तेवढी बंद केली. कोणाला बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी डांबरासारखी काळी शी. हिमोग्लोबिन ६ वर. तीन पिशव्या रक्त लागलं. त्यांच्यासाठी ती गोळी पित्ताची नव्हतीच, जठरातून रक्त येऊ नये म्हणून होती. हे त्यांना आधी कोणी फोड करून सांगितलंच नव्हतं.

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, दुपारी ४:०५

लाल_परी, बरं झालं लिहिलंत. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जठरात पूर्वी रक्तस्राव, अन्ननलिकेला मोठ्या जखमा, 'बॅरेट' नावाचा अन्ननलिकेतला बदल, हे ज्यांना आहे त्यांनी या धाग्यावरचं काहीही वाचून गोळीला हात लावू नये. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये जे सांगितलं ते मला पटतं. गोळी थांबवायची ती गरज उरली नाही म्हणून, दुष्परिणामांच्या धास्तीने नव्हे. आणि गरज आहे का, हे अधूनमधून कोणीतरी विचारलं पाहिजे. आपल्याकडे हे दुसरं वाक्य अमलात येत नाही.

सुमन_विटा | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी इथे सहसा लिहीत नाही. माझी आई मागच्या श्रावणात गेली. शेवटची चार वर्षं तिला आम्ही कोण ते कळत नव्हतं. मला ती 'बाई, तुम्ही कुठल्या' असं विचारायची. ही गोळी तिला नऊ वर्षं चालू होती आणि रोज सकाळी उपाशीपोटी मीच द्यायचे. हा धागा वाचल्यापासून दुपारचं जेवण गेलं नाही. डॉक्टर, सरळ सांगा. मीच दिलं का तिला हे?

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

नाही, सुमनताई. समजा सगळ्यात वाईट आकडा खरा धरला, तरी गोळी न घेणाऱ्या हजारात १९ जणांना वर्षाला हे होतंच होतं. आई कोणत्या रांगेत होती हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही चिठ्ठीवर लिहिलेलं औषध वेळेवर दिलंत. नऊ वर्षं रोज. जेवून घ्या.

सुमन_विटा | मंगळवार, रात्री ८:१०

बरं.

नदीकाठची | मंगळवार, रात्री ९:२५

सगळ्यांचे आभार. सुमनताई, तुमचं वाचून मलाही भरून आलं.

पट्टीवाले दादा, बॅटरी लावून वाचलं. एका ओळीत रॅबेप्रॅझोल २० मिग्रॅ. त्याच्याखाली लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ. आईला विचारलं तर म्हणाली, आधीची पट्टी वेगळी होती, गुलाबी. दोन दिवाळ्यांपूर्वी अण्णा पोट जड वाटतं म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी ही लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. गुलाबी बंद झाली, ही चालू राहिली. चिठ्ठी अजून तीच आहे, घड्या घालून घालून मधे फाटलीय.

पट्टीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

हेच पाहिजे होतं मला.

ताई, तुम्ही पहिल्या पोस्टीत लिहिलंय की अण्णांचं अक्षर बारीक झालंय, बोलणं कमी झालंय, बसले की बसलेच. आता मी विचारतो त्याचं उत्तर द्या. चालताना पाय घासत, छोटी छोटी पावलं टाकतात? वळताना थांबतात? बसल्या जागी हाताचा अंगठा हलतो? चेहऱ्यावर पूर्वीसारखं हसू उमटत नाही?

नदीकाठची | मंगळवार, रात्री ९:५८

दादा, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात का? उजवा अंगठा. आम्हाला वाटलं नाव जपतात.

पट्टीवाला | मंगळवार, रात्री १०:२०

मी निदान करत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण दुकानात उभं राहून जे बघितलंय ते सांगतो. ती दुसरी ओळ, लेव्होसल्पिराइड, पोटातलं अन्न पुढे ढकलण्यासाठी देतात. ते मेंदूतल्या डोपामीनलाही, म्हणजे हालचालींना लागणाऱ्या रसायनाला, अडवतं. वयस्कर माणसाला महिनोन्‌महिने दिलं तर कंपवातासारखं (पार्किन्सन म्हणतात तो) होऊ शकतं. हालचाल मंद, अक्षर बारीक, चेहरा कोरा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उशिरा येतं आणि घरचे म्हणतात, विसरायला लागले.

लोक 'पित्ताची गोळी' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच औषध असतं. पुष्कळ पट्ट्यांत दोन असतात. कुणात डॉमपेरिडोन, कुणात हे. तो व्हॉट्सॲपवाला ३३ टक्के वरच्या ओळीबद्दल बोलतोय. खालच्या ओळीबद्दल कोणी मेसेज करत नाही.

आणि माझ्या धंद्याची पण लाज सांगतो. ही चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. माझ्या काउंटरवरून पण जुन्या फाटक्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गेलीत. गिऱ्हाईक रिकामी पट्टी दाखवतं, 'हीच द्या' म्हणतं. नाही म्हटलं तर चार पावलांवर दुसरं दुकान आहे. आता मी ६० च्या वरच्या माणसाला निदान विचारतो की किती दिवस सांगितली होती. निम्मे लोक म्हणतात, आठ दिवस. कधी? तर मुलीच्या लग्नाच्या वेळी. मुलीची मुलगी शाळेत जातेय.

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, रात्री १०:४५

पट्टीवाले, सलाम. हे माझ्याकडून निसटलं. मी पण वरच्याच ओळीवर तासभर लिहीत बसलो.

ताई, उद्याच तुमच्या डॉक्टरांना पट्टी घेऊन भेटा. फोटो नको, पट्टी. मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञ आहेतच, एकदा दाखवून घ्या. तीन गोष्टी त्यांना ठळक सांगा : लेव्होसल्पिराइड किती महिने, अंगठा कधीपासून, आणि बी-१२ अजून तपासलेलं नाही. औषधाने आलेला कंपवात औषध थांबवल्यावर बहुतेकांत उतरतो, पण आठवडे ते महिने घेतो, आणि काहींत आत दडलेला खरा कंपवात उघडा पडतो. त्यामुळे तज्ज्ञांची नजर हवी.

बापू_तासगावकर | मंगळवार, रात्री ११:१०

मी पण आत्ता उठून आमच्या हिची पट्टी बघितली. तिच्यात डॉम का काय ते आहे. म्हणजे दोन ओळी. चार वर्षं झाली. मला वाटत होतं ती कॅल्शियम खातीय.

चिंतामणी_वजाबाकी | बुधवार, सकाळी ६:१५

माझ्या उदाहरणात पुरवणी. होडीने पाणी आणलं नाही, हे बरोबर. पण होडीत कोणी दगड ठेवलेत का, हे मी बघितलंच नव्हतं.

नदीकाठची | अकरा आठवड्यांनी, रविवार

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून लिहितेय.

बी-१२ आलं १४२. २०० च्या खाली कमी धरतात. लॅबवाला मुलगा म्हणाला, काकू, माळकऱ्यांचं असंच येतं. त्याने सहज म्हटलं, मला आठवडाभर झोप नव्हती. इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. गोळीतलं बी-१२ मोकळं असतं, त्याला ॲसिड लागत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. थायरॉइड ठीक.

दोन ओळींची पट्टी डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली. त्यांना राग येईल वाटलं होतं. त्यांनी फाटकी चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाले, तारीख माझ्याच हातची आहे. मग साधं पँटोप्रॅझोल ४० दिलं, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास. अण्णा इतकी वर्षं ती जेवल्यावर बडीशेपेबरोबर घेत होते. तीन आठवड्यांनी २०, मग एक दिवसाआड, आता लागली तर. मधले पंधरा दिवस वाईट गेले. रात्री जळजळ, चिडचिड, आईवर आवाज. तेव्हा डॉक्टर म्हणाले तसं खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. उशीवर उशी ठेवून उपयोग होत नाही, पोट दुमडतं, अख्खी खाट तिरकी पाहिजे. जेवण सातला. भडंग बंद नाही, पण रात्री नाही. यावर घरात तह झालाय.

मिरजेच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर घड्याळ काढायला लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. अण्णांनी काटे अकरावर आणि दहावर नेले. मी बाहेर येऊन रडले. ते म्हणाले, कंपवाताची लक्षणं औषधाचीच वाटतात, थांबून बघू. विसरण्याला आत्ता कुठल्या आजाराचं नाव देत नाही, बी-१२ भरू दे, सहा महिन्यांनी हीच परीक्षा परत घेऊ. भावाने फोनवर विचारलं, मग ती गोळीच कारणीभूत होती ना? मी त्याला म्हटलं, कुठली ओळ?

अंगठा सहाव्या आठवड्यात थांबला. काल दुधाची वही बघितली. चैत्रातल्या पानावर मुंगी चालावी तसं अक्षर, ओळीच्या शेवटी अजून बारीक होत गेलेलं. ह्या आठवड्यातलं पान शेजारी धरलं. 'दूध १॥' असं लिहिलंय, आणि दीडाच्या त्या दोन उभ्या रेघा जुन्या खातेवहीत असायच्या तशा, वरपासून खालपर्यंत सरळ ओढलेल्या. हात परत आलाय.

डोकं किती परत येणार ते माहीत नाही. पेवांची नावं विचारली तर धडाधड सांगतात, सकाळी कोणाचा फोन आला होता ते सांगता येत नाही. आणि कोथिंबीर काल परत दोनदा आणली.

बापू_तासगावकर | रविवार, दुपारी १२:३०

मग वड्या करा की.

पट्टीवाला | रविवार, दुपारी १२:३४

उकडलेल्या. तळू नका.